सहावी बाटली

वस्तीच्या विहिरीचं पाणी नासलं आहे हे मिस्त्रीला कळलं ते सोमवारी सकाळी. दुकान उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती.

मिस्त्री मोटारपंप दुरुस्त करायचा. त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. तो मोटारीचं झाकण खोलत होता, तेवढ्यात वस्तीतली शिवणवाली आत आली आणि तिनं एक बाटली टेबलावर आपटली. पाणी पिवळसर होतं. लिंबाचे दोन थेंब पडावेत इतकंच.

"ओळखा," ती म्हणाली.

"कुठलं आहे?"

"चार नंबरचं. आमचं. आणि हा कागद विहिरीवर लावलाय. वाचा मोठ्यानं."

मिस्त्रीनं कागद घेतला, पण मोठ्यानं वाचला नाही. पाण्यात क्रोमियम नावाचा विषारी धातू मर्यादेच्या कितीतरी पट सापडला होता. ते पिऊ नये, वापरू नये. खाली आणखी तीन ओळी होत्या. पूर्वीचे सर्व नमुने निर्दोष आले होते. ते 'तत्कालीन नमुना-संकलकाने प्रत्यक्ष विहिरीतून घेतलेले नव्हते, असे प्राथमिक चौकशीत दिसून येते.'

"तत्कालीन म्हणजे कोण, ते आम्हालाही कळतं," शिवणवाली म्हणाली. तिनं दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत फोड उठून फुटले होते. "सुई धरता येत नाही मला. दर महिन्याला यायची तुमची बायको. आम्ही विचारायचो, ताई, पाणी कसंय? ती म्हणायची, कागदावर तर चांगलं आहे. तिच्या शब्दावर नातवंडांना पाजलं हो आम्ही."

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. बसस्टॉपवर छातीत कळ आली आणि दोन मिनिटांत सगळं संपलं.

मागच्या दारातून त्याची सासू पुढे आली. लेक गेल्यावरही ती जावयाकडेच राहिली होती. दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं.

"माझी पोरगी आयुष्यात एकदाच खोटं बोलली," म्हातारी म्हणाली. "लग्न ठरताना वय सांगितलं तेव्हा. तेही मीच शिकवलं होतं."

"मग हे फोड कुणी दिले, आजी?"

शिवणवाली बाटली तिथेच ठेवून निघून गेली.

"जावईबापू," थोड्या वेळानं सासू म्हणाली, "तो पाना खाली ठेवा आणि उठा. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. मेलेल्या माणसाला जबाब देता येत नाही, म्हणून."

मिस्त्री उठला नाही. त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे पोत्याखाली एक लांबट पंप आडवा पडला होता. त्यावर बायकोच्या हातचा खडूचा आकडा होता: सहा.

तपासणीच्या सहा विहिरी होत्या. सहावीचं पाणी कुणी पीत नसे. ती वस्ती आणि नदी यांच्या मध्ये होती आणि शहराचं पाणी त्या नदीतून उचललं जायचं. वस्तीच्या वरच्या अंगाच्या कारखान्यांचं विष जमिनीखालून नदीकडे सरकतंय का, हे सांगायला ती विहीर. तिचा पंप बिघडला तेव्हा मिस्त्रीनंच तो उपसून आणला, त्याला आता अकरा महिने झाले. बायको आठवण करून द्यायची. तो म्हणायचा, "नुसत्या तपासणीच्या विहिरीची काय घाई? लोकांचे पंप पडलेत."

आणखी एक गोष्ट त्याला आठवली. एका संध्याकाळी ती म्हणाली होती, "विहिरीवर माझं क्षार मोजायचं मीटर एक सांगतं आणि लॅबचा कागद दुसरंच सांगतो." त्यानं हातातलं काम न सोडता उत्तर दिलं होतं, "मीटर जुनं झालं असेल."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

*

पाणी तपासणी खात्याचं शाखा कार्यालय म्हणजे तीन खोल्या होत्या. साहेबांची, कारकुनाची आणि एक लहान कोठी. कोठीत एक फ्रिज होता.

साहेब सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पंखा लावला.

"मिस्त्री, मला वाईट वाटतं. पण इतकं विष एका महिन्यात येत नाही. वर्ष-दोन वर्षं मुरत आलं असणार. तरी बाईंचे सगळे कागद स्वच्छ. मधे जागा रिकामी होती, नमुने निघालेच नाहीत. नवीन मुलानं पहिल्यांदा नमुना घेतला आणि लगेच सापडलं. याचा अर्थ काय लावायचा?"

"तुम्ही काय लावलात?"

"उन्हातान्हात सहा विहिरी फिरायच्या. कंटाळा येतो माणसाला. घरच्या नळावर बाटल्या भरल्या असतील." साहेबांनी आवाज उतरवला. "हे बघा, बाई गेल्या. त्यांच्यावर कारवाई थोडीच होणार आहे? कागद मिटेल."

"कागद मिटेल, साहेब. नाव मिटणार नाही. जुने अहवाल बघायला मिळतील?"

साहेबांनी मान डोलावली. सुटका झाल्यासारखं त्यांनी कारकुनाला हाक मारली.

कारकून बारीक चणीचा, कुरकुऱ्या. कोठीची किल्ली गळ्यातल्या दोरीला अडकवलेली. त्यानं फाईल आणून ठेवली आणि समोर बसून राहिला, जणू मिस्त्री एखादं पान खाऊन टाकेल.

मिस्त्री जेमतेम आठवी शिकलेला. आकडे मात्र त्याला वाचता येत. बाटल्यांवर विहिरींचे नंबर नव्हते, वेगळेच क्रमांक होते. कुठली बाटली कुठल्या विहिरीची, हे लॅबला कळू नये म्हणून. त्याची यादी बायको नंतर पाठवायची.

त्यानं एक महिना बघितला, मग दुसरा, मग तिसरा. पाण्याचा जडपणा सगळ्या बाटल्यांत सारखा. क्षार सारखे. लोहसुद्धा सारखं, आणि जरा जास्तच. क्रोमियम कुठेच नाही.

मिस्त्रीच्या कपाळावर आठी पडली. हे पंप गेली पंधरा वर्षं त्यानंच खोलले होते. दोन नंबरच्या पंपावर वर्षभरात बोटभर पांढरा थर चढायचा, छिन्नीनं काढावा लागायचा. पाच नंबरचा पंप तसाच काढा, तसाच बसवा. आणि कागदावर दोन्ही पाणी एक?

म्हणजे साहेबांचं अर्धं खरं होतं. हे विहिरींचं पाणी नव्हतंच. कुठल्या तरी एकाच नळाचं होतं.

तरी तो पुढे वाचत राहिला. बायकोचे शेवटचे तीन महिने आले तेव्हा त्याचं बोट थांबलं.

"सहा नंबरची विहीर बंद होती. याची नोंद आहे तुमच्याकडे?"

"नोंद नसायला काय झालं?" कारकुनानं रजिस्टर उघडलं. "पंप दुरुस्तीसाठी बाहेर. साहेबांची सही, माझी सही. अजून परत आलेला नाही. कुणाकडे आहे, ते मी बोलत नाही."

"मग या तीन महिन्यांत विहिरी पाच आणि बाटल्या सहा कशा?"

कारकुनानं चष्मा वर सरकवला. मोजलं. पुन्हा मोजलं.

"बाटल्या मोजायचं काम माझं नाही," तो म्हणाला.

"बाटल्यांची पेटी कुठे असायची?"

"बाई संध्याकाळी आणायच्या. मी फ्रिजमध्ये ठेवायचो. कुलूप. किल्ली इथे." त्यानं दोरी ओढून दाखवली. "आंघोळीलाही काढत नाही. बायको हसते."

"सकाळी?"

"ड्रायव्हर न्यायचा. आठ वाजून पाच मिनिटं, आठ वाजून दहा. प्रत्येक वेळ लिहिलेली आहे. इथे मिनिटाचा घोळ चालत नाही."

"बाटल्यांना सील?"

कारकुनानं दोरी परत शर्टात सरकवली.

"नियमात आहे," तो शेवटी म्हणाला. "सीलची पट्टी संपली. दोन वर्षं झाली मागणी पाठवून. पेटीला नुसती कडी होती."

"नवीन मुलगा पेटी इथे ठेवतो?"

"छे! त्याच्याकडे मोटरसायकल. विहिरीवरनं तडक लॅबला जातो. आम्हाला विचारतंय कोण?"

मिस्त्री उठला. जाता जाता त्यानं कार्यालयाच्या नळाखाली एक बाटली धरली. नळ बराच वेळ नुसता वाहू दिला, बाटली तीनदा विसळली आणि मग भरली. बायको असंच करायची.

"अहो मिस्त्री, नळ! शहराचं पाणी काय फुकट येतं?" मागून कारकून ओरडला.

*

बिघाड कुठे आहे ते कळत नसेल, तर टोकापासून सुरुवात करून एकेक जोड उघडत यायचं. मिस्त्रीला दुसरी पद्धत येत नव्हती. विहीर, बायको, फ्रिज, गाडी, लॅब. मधला गाडीचा जोड उघडायला तो ड्रायव्हरच्या घरी गेला.

ड्रायव्हर बायकोला ताई म्हणायचा. मानलेली बहीण. ती गेली तेव्हा खांदा द्यायला तो पुढे होता, आणि मिस्त्रीपेक्षा जास्त रडला होता.

घर गावाबाहेर, शेवटच्या गल्लीत. स्वतःची बोअर होती. अंगणात ड्रायव्हरच्या गणवेशाचे पांढरे शर्ट वाळत होते. धुऊन धुऊन पिवळट पडलेले. आत त्याची लेक मांडीवर तान्हं घेऊन बसली होती.

"या दाजी!" ड्रायव्हरनं हात धरून आत नेलं. "आम्ही कळलं तेव्हापासून जेवलो नाही धड. ताईवर असला आळ! त्या कागदाला काडी लावावीशी वाटते."

"जावई?"

"पहिल्या पाळीला गेलेत. बसा, चहा टाकायला सांगतो."

मिस्त्री हात धुवायला गेला. बेसिन जुनं, तडा गेलेलं. त्यावर तांबूस ओघळ खालपर्यंत आलेला. नळ मात्र नवाकोरा, आरशासारखा चकचकीत. त्याच्यातला कारागीर थांबून बघत राहिला.

"नळ झकास आहे."

"जावयांनी आणला. पाण्यानं पुसायचा नाही म्हणतात, कोरड्या फडक्यानं पुसायचा," लेकीनं कौतुकानं सांगितलं.

चहा आला. दूध घालूनही काळपट. ड्रायव्हरची बायको संकोचली. "आमच्याकडे असाच होतो हो चहा. कितीही दूध ओता."

"आमची सासू करते त्यापेक्षा बराय," मिस्त्री म्हणाला. सगळे हसले. मग त्यानं विचारलं, "पेटी न्यायचात तेव्हा वाटेत कुठे थांबायचात?"

"मी? कुठेच नाही. आठला निघालो की नऊला लॅब. ताईचा माल म्हणजे काचेची भांडी, दाजी. खड्डासुद्धा चुकवायचो."

"विहिरींवर कधी गेला होता तिच्याबरोबर?"

"ते आपलं काम नाही. ती स्कूटरवर फिरायची. मला सहा विहिरी आणि सहा बाटल्या एवढंच माहीत. पेटी उचलायची आणि पोचवायची."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. "वाटेत तहान लागते. बाटली भरून घेऊ?"

"विचारता काय? घर तुमचंच."

मिस्त्रीनं तो चकचकीत नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहू दिलं. बाटली तीनदा विसळली.

*

लॅबच्या मुख्य बाई निवृत्तीला आलेल्या. पांढरा कोट, पायात सपाता. मिस्त्रीला बघून त्या उभ्याच राहिल्या.

"तुम्ही याल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तो कागद लिहिलेला नाही."

"पण आकडे तुम्ही दिलेत."

"जे बाटलीत होतं, ते दिलं."

"सगळ्या बाटल्यांत एकच पाणी होतं, बाई. दर महिन्याला. तुमच्या लक्षात आलं नाही?"

बाईंनी चष्मा काढला. "जवळजवळच्या विहिरी, जमिनीखालचा एकच साठा, असं समजले. महिन्याला तीनशे बाटल्या येतात इथे. नाही आलं लक्षात. यायला हवं होतं."

"पेटी किती वाजता यायची?"

त्यांनी आवक-वही काढली. मिस्त्रीनं स्वतः वाचलं. दहा वीस. दहा पंचवीस. दहा पंधरा.

"नऊला कधी?"

"एकदाही नाही. का?"

"सहज. शेवटच्या तीन महिन्यांत पाच विहिरी चालू होत्या. सहावी बाटली कशाची होती?"

बाई हळूच खाली बसल्या आणि सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला. कागदांच्या तळातून त्यांनी तीन पाकिटं काढली. चिकटवलेली, कडेवर सह्या केलेली. बायकोचं अक्षर. मिस्त्रीला बघवेना.

"दर पेटीबरोबर एक द्यायची," बाई म्हणाल्या. "म्हणायची, एवढ्यात उघडू नका, आणखी दोन-तीन फेऱ्या होऊ देत, मग एकदम उघडू. मग ती गेली. आणि मी... खरं सांगू? विसरले."

"आता उघडा."

बाईंनी पहिलं पाकीट कात्रीनं कापलं आणि वाचून दाखवलं.

'बाटली क्रमांक ७४. यात विहिरीचं पाणी नाही. डिस्टिल्ड वॉटर आहे. सहा नंबर बंद असल्यानं पेटीतली सहावी जागा रिकामी होती, तिथे ठेवली. चार नंबरवर झाकण उघडून परत बंद केलं. यात काहीही सापडता कामा नये. सापडलं, तर ते बाटली माझ्या हातून सुटल्यानंतर आलेलं असेल.'

बाईंनी अहवाल काढला. चौऱ्याहत्तर. जडपणा, क्षार, लोह. बाकीच्या पाच बाटल्यांसारखंच.

"डिस्टिल्ड वॉटरमध्ये लोह?" त्या पुटपुटल्या. उरलेली दोन पाकिटं उघडली. तेच.

मिस्त्री खिडकीशी गेला. त्याला जरा वेळ तिथे उभं राहावं लागलं. मग त्यानं पिशवीतून तीन बाटल्या काढून ओळीनं ठेवल्या. प्रत्येकीवर खडूनं खूण होती.

"हा माझ्या घरचा नळ. हा कार्यालयाचा. ही तिसरी कुठली ते आत्ता सांगत नाही. यातलं कुठलं पाणी त्या अहवालांशी जुळतं, एवढं सांगा."

"उद्या दुपारी," बाई म्हणाल्या. "आणि मी स्वतः घेऊन येईन. ड्रायव्हरबरोबर पाठवणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी चारला साहेबांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. साहेब, कारकून, लॅबच्या बाई, दाराशी टोपी हातात धरून ड्रायव्हर. शिवणवालीला मिस्त्रीनं मुद्दाम बोलावलं होतं. सासूला बोलावलं नव्हतं. ती आपणहून येऊन सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसली होती.

"बोला मिस्त्री," साहेब म्हणाले. "वेळ फार नाही."

"मला बोलता येत नाही, साहेब. पंप खोलतो तसं सांगतो. एकेक नट." त्यानं फाईल पुढे ओढली. "तुम्ही म्हणालात, हे विहिरींचं पाणी नव्हे. बरोबर. दोन नंबर आणि पाच नंबरचं पाणी एक असूच शकत नाही. तेव्हा कुणी तरी एका नळावर सगळ्या बाटल्या भरल्या. तुमच्या मते, माझ्या बायकोनं."

"मग?"

"मग ही पाकिटं वाचा."

साहेबांनी तिन्ही वाचली. दुसऱ्या पाकिटाला त्यांनी पंखा बंद करायला सांगितला.

"तिच्या मीटरचे आकडे लॅबशी जुळत नव्हते. तिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. म्हणून तिनं एकटीनं सापळा लावला. सहाव्या बाटलीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर. आता विचार करा. तिनंच खोटे नमुने भरले असते, तर ही बाटली तिनं कशाला ओतून परत भरली असती? तिला माहीत होतं, यात काही सापडलं तर घोळ उघडा पडेल. ज्यानं भरली त्याला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं, सहा विहिरी, सहा बाटल्या."

"आणि त्यानं एकट्या चार नंबरचीच बाटली का नाही बदलली?" कारकुनानं विचारलं. त्याला आता रस आला होता.

"कारण बाटल्यांवर विहिरींचे नंबर नव्हते. विषाची बाटली कुठली ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून सगळ्याच ओतल्या. आता, सहा नंबर बंद आहे हे कुणाला ठाऊक होतं? साहेबांना, कारण त्यांची सही आहे. तुम्हाला, कारण तुमची नोंद आहे."

"मिनिटासकट," कारकून म्हणाला.

"तुमच्यापैकी कुणी भरल्या असत्या, तर पाच विहिरींच्या सहा बाटल्या कशा, असा प्रश्न पडला असता. सहावीला हात लावायला कचरला असतात. राहिलं कोण? जो विहिरींवर कधी गेला नाही. जो आठ वाजून पाच मिनिटांनी पेटी घेऊन निघतो, मला नऊला पोचतो म्हणून सांगतो, आणि लॅबच्या वहीत दर वेळी दहा वाजून गेलेले असतात."

कुणी मागे वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"दाजी, गाडी जुनी आहे," दारातून आवाज आला. "रस्ता..."

"बाई," मिस्त्री म्हणाला, "तिसरी बाटली."

बाई कागदाकडे बघून बोलल्या. "मिस्त्रींच्या घरच्या आणि कार्यालयाच्या नळाला शहराचं पाणी आहे. त्यात लोह नावालाही नाही. तिसऱ्या बाटलीत भरपूर आहे. जडपणा, क्षार, लोह, तिन्ही त्या अहवालांशी जुळतात. असं पाणी कपडे पिवळे करतं, भांड्यांवर तांबूस डाग पाडतं."

"आणि चहा काळा करतं," मिस्त्री म्हणाला. "काल मी प्यायलो. दादा, तिसरी बाटली मी तुमच्याच नळावर भरली. तुम्हाला विचारून."

ड्रायव्हर भिंतीला टेकला. टोपी खाली पडली, ती त्यानं उचलली नाही.

"तो नळ," मिस्त्री म्हणाला, "फार सुरेख मुलामा दिलाय त्याला. क्रोमियमचा. जावई वस्तीच्या वरच्या अंगाला त्या मुलाम्याच्या कारखान्यात आहेत ना?"

मग ड्रायव्हर बोलायला लागला, आणि थांबेना.

"मॅनेजर म्हणाला, एक वाईट अहवाल आला की टाळं लागणार, आणि पहिला घरी जाणार तुझा जावई. नवी टाकी बसवतोय म्हणाला, सहा महिने सांभाळून घे. सहाचे बारा झाले, बाराचे अठरा. त्यातच लेकीला दिवस गेले. मी काय करणार होतो?" तो मिस्त्रीकडे वळला. "ताईला त्रास व्हावा असं मनात नव्हतं, शपथ घेतो. नुसत्या तपासणीच्या बाटल्या होत्या हो, दाजी."

असलेच शब्द मिस्त्रीनं आधी ऐकले होते. ते त्याचे स्वतःचे होते.

उत्तर शिवणवालीनं दिलं. ती उठली, ड्रायव्हरच्या समोर गेली आणि त्याच्या डोळ्यांपुढे दोन्ही हात धरले.

"तुमच्या घरी तान्हं आहे," म्हातारी खुर्चीतूनच म्हणाली. "त्याला कुठलं पाणी पाजता?"

"बोअरचं."

"चार नंबरचं पाजलं असतं का?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली.

साहेबांनी कारकुनाला कागद घ्यायला सांगितलं. कारकुनानं आधी घड्याळ बघितलं, वेळ लिहिली आणि मग जबाब लिहायला घेतला. मॅनेजरचं नाव लिहिताना त्यानं ते दोनदा विचारून घेतलं.

"सीलच्या पट्टीचंही लिहा," मिस्त्री म्हणाला. "दोन वर्षांची मागणी."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "लिहा."

*

शुक्रवारी नवीन कागद निघाला. पहिला मागे घेतला होता आणि बायकोच्या नमुन्यांबद्दलच्या त्या तीन ओळी चुकीच्या होत्या असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. शिवणवालीनं तो स्वतः विहिरीवर चिकटवला. फोडांना खळ झोंबली तरी कुणाला हात लावू दिला नाही. मग दुकानात येऊन म्हातारीपाशी बसली आणि दोघी खूप वेळ रडल्या.

कारखान्याला टाळं लागलं. वस्तीला एक दिवसाआड टँकर येऊ लागला. बायकोनं ज्याला दादा म्हटलं, त्या माणसाला भेटायला मिस्त्री गेला नाही. त्याच्या लेकीला मात्र सासूनं बाळासाठी जपून ठेवलेली दोन जुनी झबली पाठवली आणि मिस्त्रीला त्याबद्दल काही विचारू दिलं नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्रीनं कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं. पंप ओढून उजेडात आणला. खडूचा आकडा पुसला जाऊ नये म्हणून तेवढी जागा सोडून बाकीचा गंज घासला. बेअरिंग गेलं होतं आणि शाफ्ट किंचित वाकला होता. दीड दिवसाचं काम. अकरा महिने पडून होतं.

"झालं का?" सासूनं आतून विचारलं.

"नाही अजून."

शाफ्ट सरळ करायचा आहे. पंप विहिरीत उतरवायचा आहे. सहा नंबरचं पाणी अजून कुणी तपासलेलं नाही.